गर्दीची चराई

निघोजच्या कुंडावर रविवारी दुपारी गेलात तर नदीच्या आधी गाड्या दिसतात. एमएच 12, एमएच 14, मधूनच एखादी आपली एमएच 16. गाड्यांच्या पलीकडे भेळ, उसाचा रस, काकडी-पेरू विकणारे, त्यापलीकडे मळगंगेचं देऊळ आणि मग एकदम खाली उतरत गेलेला काळा कातळ. या कातळात कुकडी नदीने रांजणखळगे कोरलेत. कृती तशी साधी. पुराच्या भोवऱ्यात एखादा गोटा सापडतो, एकाच जागी गरगरत राहतो, खालचा खडक घासतो आणि घासता घासता स्वतःही संपतो. मग त्याची जागा दुसरा गोटा घेतो. हजारो वर्षं हा उद्योग चालला तेव्हा कुठे माणूस सहज गडप होईल एवढे खळगे तयार झाले. तोंड बेताचं, पोट मोठं, भिंती गुळगुळीत. म्हणूनच ते धोक्याचे. आत पडलेल्याला हाताला धरायला काही सापडत नाही.

एखाद्या खळग्यात डोकावलं तर तळाशी हिरवट पाणी असतं आणि त्यावर पाण्याच्या दोन-तीन बाटल्या, द्रोण, वेफर्सची पाकिटं. एकदा आत गेलेलं बाहेर निघत नाही. झाडू पोचत नाही, वाऱ्याने उडत नाही. पुढच्या पुराची वाट पाहायची, मग तो कचरा घोड नदीत आणि तिथून भीमेत जाणार. ज्या भोवऱ्याने गोटे फिरवले तोच आता बाटल्या फिरवतो. कातळाचं त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते काठावर राहणाऱ्यांचं.

काठावर राहणारेही दोन जिल्ह्यांचे. कुकडीच्या अलीकडे निघोज, तालुका पारनेर, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे लोकांच्या तोंडी अजून नगरच. पलीकडे टाकळी हाजी, तालुका शिरूर, जिल्हा पुणे. दोन्ही काठांवर मळगंगेची देवळं, मधे झुलता पूल. नदी एक, देवी एक, खळगे एक. पण ग्रामपंचायती दोन, पोलीस ठाणी दोन, तहसीलदार दोन आणि जिल्हाधिकारीही दोन. एका काठावर बंदी घातली तर गाडी पुढच्या वळणावरून पलीकडच्या काठावर जाते. गर्दी आवरायची म्हटलं की पहिली अडचण ही अशी नकाशातच असते.

जगभर या दुखण्याला आता 'ओव्हरटुरिझम' म्हणतात. व्हेनिसच्या जुन्या शहरात 1951 साली पावणेदोन लाखांच्या आसपास माणसं राहत होती. 2022 मध्ये तो आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. गावकरी गेले, घरं पाहुण्यांना भाड्याने लागली. 25 एप्रिल 2024 पासून तिथे दिवसभरासाठी येणाऱ्यांना, ठरावीक दिवशी, 5 युरो प्रवेश शुल्क सुरू झालं. बार्सिलोनात त्याच वर्षी जुलैमध्ये मोर्चेकऱ्यांनी रस्त्यावरच्या हॉटेलांत जेवत बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या मारल्या. पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या 10,101 घरांचे परवाने 2028 नंतर चालू ठेवायचे नाहीत, असं त्या शहराच्या महापौरांनी जाहीर केलं. आल्प्समधलं हालस्टाट हे ऑस्ट्रियातलं गाव तर आपल्या एखाद्या वाडीएवढं, साडेसातशे-आठशे वस्तीचं. तिथे गर्दीच्या दिवशी दहा-दहा हजार माणसं उतरतात.

पारनेर कुठे आणि व्हेनिस कुठे, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, आपल्याकडे अजून कोणी पिचकारी हातात घेतलेली नाही. पण प्रश्नाची रचना सारखीच आहे. एक जागा, तिच्यावर राहणाऱ्यांचा रोजचा हक्क, येणाऱ्यांचा एका दिवसाचा हक्क, आणि दोघांमधला व्यवहार ठरवणारं कोणीच नाही. माझं म्हणणं असं की हा व्यवहार कसा ठरवायचा हे शिकायला पारनेरकरांना युरोपात जायची गरज नाही. ते आपल्या तालुक्याने पन्नास वर्षांपूर्वी शेळ्या-मेंढ्यांच्या बाबतीत ठरवून दाखवलेलं आहे.

आधी एका सोप्या दिसणाऱ्या प्रश्नाचा निकाल लावू. किती माणसं म्हणजे जास्त? जाणकार याला धारणक्षमता म्हणतात आणि एखादा आकडा सांगून मोकळे होतात. प्रत्यक्षात एका जागेच्या चार-पाच निरनिराळ्या क्षमता असतात आणि त्यातली सर्वांत कमी असेल ती खरी. पुलाची क्षमता वेगळी, स्वच्छतागृहाची वेगळी, रस्त्याची वेगळी. 15 जून 2025 रोजी, रविवारीच, मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या भाराने कोसळला. चार जण गेले, पन्नासच्या वर जखमी झाले. कुंडमळा म्हणजे निघोजचाच भाऊबंद, तिथेही नदीपात्रात असेच खळगे आहेत आणि ते पाहायलाच लोक जातात. त्या दिवशी संपूर्ण परिसरात किती माणसं होती याला काही अर्थ नव्हता; एका वेळी पुलावर किती होती यालाच होता. वर्षभराची सरासरी काढून असा पूल वाचत नाही.

आपल्याच जिल्ह्यात अकोल्याकडे भंडारदरा, घाटघर, रतनवाडी या पट्ट्यात मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस धरेपर्यंत काजवे दिसतात. तिथली क्षमता माणसांत मोजताच येत नाही, ती उजेडात मोजावी लागते. काजव्याचा नर चमकून मादीला खूण करतो, मादी उत्तर देते. त्यांच्यासाठी सगळा हंगाम म्हणजे काही आठवडे. त्या काळात झाडाखाली गाडीचे हेडलाइट, मोबाईलचे टॉर्च आणि फ्लॅश चालू झाले की खुणा दिसेनाशा होतात. अंधारात गप्प बसलेली शंभर माणसं त्या झाडाला चालतील, टॉर्च घेतलेली दहा चालणार नाहीत. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन विभागाने यावर नियम घातलेत, प्रवेश शुल्क लावलंय. तरी शनिवार-रविवारी अरुंद घाटरस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतातच.

आणि एक क्षमता असते शेजाऱ्याच्या सोसण्याची. जॉर्ज डॉक्सी नावाच्या अभ्यासकाने 1975 साली तिच्या चार पायऱ्या सांगितल्या होत्या. आधी गावाला पाहुण्यांचं अप्रूप, मग त्याची सवय, मग चीड, मग उघड वैर. ही मांडणी फार ढोबळ आहे, एकाच गावात एकाच दिवशी चारही पायऱ्यांवर माणसं उभी असतात, अशी टीका तिच्यावर झाली आणि ती खरी आहे. कुंडाजवळ भेळेची गाडी लावणारा पहिल्या पायरीवर असतो. ज्याच्या बांधावर गाड्या लावून लोक खाली उतरतात तो शेतकरी तिसऱ्या. दोघं कदाचित सख्खे चुलतभाऊ असतील. म्हणून 'गावाला पर्यटन हवं आहे का' हा प्रश्नच चुकीचा. कोणाला हवं आहे, आणि त्याची भरपाई कोणाला मिळते, असं विचारायला हवं.

इथे हिशेबाची वही उघडावी लागते. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा जो निधी येतो तो गावची लोकसंख्या आणि क्षेत्रफळ पाहून येतो. रविवारी येणारे पाहुणे जनगणनेत नसतात, त्यामुळे त्यांच्या कचऱ्यासाठी, त्यांच्या स्वच्छतागृहासाठी, त्यांच्या गाड्यांनी उखडलेल्या रस्त्यासाठी त्या निधीत एक पैसाही धरलेला नसतो. पाहुणा घरून डबा आणतो, पाणी आणतो, पेट्रोल शिक्रापूरला किंवा शिरूरला भरतो, आणि गावात जे सोडून जातो ते म्हणजे डब्याची पिशवी. रात्री मुक्काम करणाऱ्यापेक्षा दिवसा येऊन संध्याकाळी परतणारा गावाला महाग पडतो, हा व्हेनिसचा अनुभव, निघोजचाही तोच. कायद्याने मात्र गावाला अगदी रिकाम्या हाती ठेवलेलं नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या 124 व्या कलमात ग्रामपंचायतीने बसवायच्या करांची यादी आहे. त्यात यात्रेकरूंवरचा कर आहे, जत्रा-उत्सव-करमणुकीवरचा कर आहे. 1958 च्या कायद्यातली ही तरतूद. म्हणजे अधिकार आहे. तो वापरून जमलेला पैसा कुंडावरच खर्च होतो की नाही हे लोकांना दिसायला हवं, आणि नेमकं तेच दिसत नाही.

आता कोणी विचारेल, गर्दी काय आपल्याला नवीन आहे? चैत्रात मळगंगेची यात्रा भरते तेव्हा निघोजला पाय ठेवायला जागा नसते. पौष पौर्णिमेला पिंपळगाव रोठ्याला कोरठण खंडोबाची यात्रा असते, बेल्हे आणि ब्राह्मणवाड्याच्या मानाच्या काठ्या येतात, भंडाऱ्याने अख्खा माळ पिवळा होतो. तेव्हा कोणी ओव्हरटुरिझमचं नाव काढत नाही. का?

एक तर यात्रेला तिथी असते. गाव त्या तिथीची तयारी महिनाभर आधीपासून करतं. वर्गणी निघते, पंच बसतात, पाण्याचे टँकर सांगितले जातात, दुकानांच्या जागांचा लिलाव होतो, कोणाची काठी आधी आणि कोणाची नंतर हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं आणि त्यावरून वाद झाला तर तो कोणी मिटवायचा हेही. दुसरं म्हणजे यात्रेला येणारा कोणाचा तरी कोणी असतो. लेकी-बाळी माहेरी येतात, पै-पाहुणे येतात, मुंबईला गेलेली भावकी येते. घरोघरी स्वयंपाक असतो. यात्रेकरूने वेडंवाकडं वागलं तर 'अमक्याचा जावई' म्हणून सासऱ्याला जाब द्यावा लागतो. ही लाज फार मोठी व्यवस्था आहे. रविवारी गाडीने येणाऱ्याच्या बाबतीत ती चालत नाही, कारण त्याला गावात ओळखणारं कोणी नसतं आणि त्यालाही कोणाला परत तोंड दाखवायचं नसतं.

यात्रेचं गुणगान करताना हात मात्र जरा आखडता घ्यायला हवा. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची वारी आणि पटकीची साथ यांचं नातं इतकं घट्ट होतं की सरकारला यात्रेवर आरोग्याचे निर्बंध घालावे लागले. आजही यात्रेनंतरचा माळ पाहिला तर प्लास्टिकच्या बाबतीत भाविक पर्यटकाला हार जाणार नाहीत. फरक एवढाच की यात्रेनंतर माळ कोणी साफ करायचा हे ठरलेलं असतं. रविवारनंतरचा सोमवार कोणाच्याच वाट्याचा नसतो.

गॅरेट हार्डिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने 1968 साली लिहिलेल्या एका लेखाने जगभर वाद लावून दिला. त्याचं उदाहरण गायरानाचं होतं. सर्वांना मोकळं असलेलं कुरण असेल तर प्रत्येक गुराखी एक जनावर वाढवतो, कारण वाढीव जनावराचा फायदा सगळा त्याचा आणि गवताचा तोटा सगळ्यांत वाटलेला. शेवटी कुरण उजाड होतं. हार्डिनच्या मते यावर उपाय दोनच, मालकी द्या किंवा सरकारी बडगा दाखवा. एलिनॉर ऑस्ट्रॉम या बाईंनी पुढची काही दशकं जगभरची कुरणं, कालवे, मासेमारीच्या जागा अभ्यासून दाखवलं की तिसराही रस्ता आहे. जे वापरतात त्यांनीच नियम केले, हद्द स्पष्ट ठेवली, राखणदार आपल्यातला नेमला, पहिल्या चुकीला थोडा दंड आणि पुढच्या चुकीला जास्त, असं केलं तर सामाईक जागा शेकडो वर्षं टिकते. 2009 साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री.

ऑस्ट्रॉमबाई आपल्या तालुक्यातल्या राळेगणला आल्या असत्या तर त्यांना नवीन काही वाटलं नसतं. 1975 साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले तेव्हा राळेगणसिद्धी दुष्काळी, दारूच्या भट्ट्यांचं गाव होतं. यादवबाबांच्या देवळाची दुरुस्ती, मग पाणलोटाची कामं, आणि त्याबरोबर गावाने स्वतःवर घालून घेतलेली बंधनं: चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी, श्रमदान. शेजारच्या नगर तालुक्यात हिवरे बाजारने 1989 नंतर पोपटराव पवारांच्या सरपंचपदाच्या काळात याच वाटेवर पुढची पावलं टाकली. डोंगरावर जनावर सोडायचं नाही. गवत हवं असेल त्याने ठरलेली रक्कम भरून विळ्याने कापून न्यायचं. शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही. जमीन बाहेरच्याला विकायची नाही.

चराईबंदीचा अर्थ गुरं विकून टाका असा कधीच नव्हता. गावात जनावरं राहिली, उलट दुधाची वाढली. बंद झाली ती मोकाट चराई. गवत कोण कापणार, किती, कोणत्या काळात आणि त्याचे पैसे कुठे जमा होणार, एवढं ठरलं. डोंगराची नासाडी जनावरांच्या संख्येपेक्षा त्यांच्या मोकाटपणाने जास्त झाली होती, हे गावाने ओळखलं. कुंडावरच्या गर्दीलाही मी याच नजरेने पाहतो.

गंमत अशी की या दोन्ही गावांना पाहुण्यांची गर्दी सोसावी लागली, आणि ती त्यांनी चांगली पेलली. राळेगणला देशभरातून शेतकऱ्यांच्या सहली, अधिकाऱ्यांच्या तुकड्या, विद्यार्थी, परदेशी अभ्यासक येत राहिले. 2011 च्या लोकपाल आंदोलनात तर दूरचित्रवाणीच्या गाड्यांनी वाडेगव्हाण फाट्यापासून गावापर्यंतचा रस्ता व्यापला होता. पण राळेगणच्या दुकानात बिडी-तंबाखू मिळत नव्हती ती पाहुण्यालाही मिळाली नाही. गावाचा नियम पाहुण्यासाठी वाकला नाही, आणि पाहुण्याला त्याचा राग येण्याऐवजी कौतुकच वाटलं. शिवाय तिथे येणारा काहीतरी विचारायला, शिकायला येत होता, त्याला बांध दाखवणारा, माहिती सांगणारा गावचा माणूस बरोबर असे. पाहुणा आणि गावकरी यांच्यात निदान तासभर बोलणं होत होतं. कुंडावर येणारा अख्खी दुपार घालवून जातो आणि गावकऱ्याशी त्याचं बोलणं होतं ते फक्त 'गाडी कुठे लावू' एवढंच.

हिवरे बाजारची जमीन न विकण्याची अट वरवर पाहता पर्यटनाशी संबंधित वाटत नाही, पण बार्सिलोनाच्या दहा हजार घरांचं प्रकरण डोळ्यांसमोर ठेवून ती पुन्हा वाचा. पाहुणा येतो, जागा आवडते, तो प्लॉट घेतो, फार्महाऊस बांधतो, बोअर पाडतो. मग गावात घर असलेला पण गावात न राहणारा असा एक नवाच वर्ग तयार होतो. ग्रामसभेला तो नसतो आणि उन्हाळ्यात गावाला टँकर लागतो तेव्हा त्याच्या लॉनवर कारंजं चालू असतं. पुणे-नगर रस्त्याच्या बाजूच्या गावांनी याचा विचार आत्ताच केलेला बरा.

पर्यटकांची मोकाट चराई थांबवण्याचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक प्रयोग साताऱ्याजवळ कास पठारावर झाला. 2012 साली पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं आणि सप्टेंबरातल्या फुलांवर गाड्यांच्या गाड्या चालून आल्या. लोक फुलांत लोळून फोटो काढत होते. त्यानंतर वन विभाग आणि कास, कासाणी, एकीव, आटाळी अशा आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी कारभार हाती घेतला. दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ ऑनलाइन नोंदणी, प्रवेश शुल्क, गाड्या लांब लावून पुढे चालत किंवा बसने. राखण करायला, पाहुण्यांना वाट दाखवायला गावचीच पोरं. शुल्काचा पैसा त्यांच्या मजुरीत आणि गावच्या कामात. म्हणजे राखणदाराचं पोट राखणीवर. ऑस्ट्रॉमबाईंचं पुस्तक न वाचताही हे जमलं.

कासला चूकही झाली, आणि तीही बोलकी आहे. पठाराला तारेचं कुंपण घातलं तसं माणसांबरोबर गुरांचं येणंही थांबलं. चराई पूर्ण थांबल्यावर उंच गवत माजतं आणि लहान फुलझाडं त्याखाली दबतात, असं वनस्पतींच्या जाणकारांनी निदर्शनास आणलं, आणि पुढे कुंपण काढायचा निर्णय झाला. गुरं नकोत म्हणून नाही, मोकाट नकोत म्हणून बंदी, हे तत्त्व तिथे उलट्या बाजूने सिद्ध झालं. आणि मर्यादा असूनही हंगामातल्या रविवारी सातारा-कास रस्ता तुंबतोच. दाराशी माणसं मोजणं सोपं, वाटेवरची मोजणं अवघड.

आतापर्यंत गावकऱ्यांची बाजू मांडली. पाहुण्याचीही एक बाजू असते, आणि ती आपल्या जिल्ह्याला चांगली ठाऊक आहे. शनिशिंगणापूरच्या वाटेवर गाडीला लटकून, भाविकांना ठरलेल्या दुकानात नेणाऱ्या पोरांना तिकडे 'लटकू' म्हणतात. शिर्डीत तेच काम करणाऱ्यांना 'पॉलिशवाले'. हार-प्रसादाच्या ताटाचे भाव ऐकून आंध्र-तेलंगणातून आलेलं कुटुंब हबकून जातं. 2011 च्या जनगणनेत शिर्डीची वस्ती छत्तीस हजारांच्या घरात होती. अशा गावात रोज हजारोंनी येणाऱ्या माणसाचं एकट्या-दुकट्याचं मोल उरत नाही. तो परत येवो न येवो, उद्या दुसरा येणारच असतो. इथे मोकाट चरणारा गावकरी असतो आणि गवत पाहुणा.

माथेरानकरांनी मार्च 2025 मध्ये यावर एक वेगळंच पाऊल उचललं. दस्तुरी नाक्यावर पर्यटकांना चुकीची माहिती देऊन लुबाडलं जातं, त्यामुळे गावाचं नाव खराब होतं, ही तक्रार घेऊन तिथल्या व्यावसायिकांनी आणि रहिवाशांनीच गाव बंद ठेवलं. 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेलं, मोटारींना आत मज्जाव असलेलं हे गाव. तिथे नाक्यापासून पुढे स्वतःची गाडी नेता येत नाही, म्हणून नाक्यावर उभा असलेला माणूस पाहुण्याचा वाली बनतो किंवा वैरी. पर्यटकांच्या वतीने गावकऱ्यांनी बंद पाळावा, ही घटना मला बार्सिलोनाच्या पिचकाऱ्यांपेक्षा मोठी वाटते. पिचकारीची बातमी जगभर गेली, माथेरानची राज्याबाहेर फारशी गेली नाही, ते सोडा.

निघोजला काय करता येईल? व्हेनिससारखं नुसतं शुल्क लावून भागत नाही. पाच युरोंनी तिथली गर्दी काही नजरेत भरेल अशी हटली नाही, पैसे तेवढे जमले. ज्याने शंभर किलोमीटर गाडी हाकली तो पन्नास रुपयांसाठी परत फिरणार नाही. शुल्काचा खरा उपयोग राखणदाराचा पगार निघण्यापुरता, आणि तेवढा झाला तरी पुष्कळ. गाड्या कुंडापासून लांब, गावाच्या बाजूला लावल्या तर माणसं चालत जाताना दुकानांसमोरून जातील, काही विकत घेतील. आज गाडी थेट देवळाच्या पायरीपाशी येते. बाहेरचं जेवण आणि बाटल्या खाली कातळावर नेऊ द्यायच्या नाहीत. बाटलीवर अनामत रक्कम घ्यायची, परत आणली की पैसे परत. काही अभयारण्यांत आणि गडांवर ही पद्धत चालते. पुलावर एका वेळी किती माणसं हे अभियंत्याकडून ठरवून पाटीवर लिहायचं आणि दोन्ही टोकांना माणूस उभा करायचा. कुकडी प्रकल्पाच्या धरणांतून पाणी सोडलं की पात्राचा नूर पाहता पाहता बदलतो. आवर्तन किंवा विसर्ग कधी आहे हे कुंडावरच्या राखणदाराला आधी कळलं पाहिजे.

हे सगळं एकट्या निघोजने करून उपयोग नाही. टाकळी हाजीचा काठ मोकळा राहिला तर अलीकडचे नियम म्हणजे नुसता तमाशा. दोन्ही गावांची मिळून एक समिती, एकच पावती, पैसे निम्मे-निम्मे, आणि जमा-खर्च दर महिन्याला दोन्ही चावड्यांवर लावलेला. दोन जिल्हाधिकाऱ्यांच्या सह्यांची वाट पाहत बसलो तर आणखी एक पिढी जाईल. देवी दोन्ही काठांची असेल तर गावांनी एकत्र बसायला कोणाची परवानगी लागते?

राखणदार मात्र गावचाच हवा, शक्यतो ज्याच्या बांधावर आज गाड्या लागतात त्याच्या घरातला. बाहेरच्या ठेकेदाराला पार्किंगचा लिलाव देऊन टाकला की नफा त्याचा, धूळ गावाची, आणि पाहुण्याशी अरेरावीची भाषा हमखास. बहुतेक ठिकाणी नेमकं इथेच सगळं फिसकटतं.

पारनेर तालुक्यात दाखवण्यासारखं एवढं एकच ठिकाण आहे असंही नाही. टाकळी ढोकेश्वरची लेणी कल्याण-नगर महामार्गालगत आहेत, वडगाव दर्याच्या गुहेत छतापासून लोंबणारे चुन्याचे खांब आहेत, जामगावला महादजी शिंद्यांचा वाडा आहे, खुद्द पारनेर ही सेनापती बापटांची जन्मभूमी. गर्दी वाटून जावी म्हणून ही नावं पाहुण्यांना सांगायला हवीत, असं पर्यटनवाले म्हणतात. मला ते घाईचं वाटतं. वडगाव दर्यासारख्या ठिकाणी थेंबाथेंबाने घडलेला खांब एका सेल्फीवाल्याच्या हाताने मोडतो. जिथे राखणदार नाही तिथे पाहुणा पाठवणं म्हणजे कुंपण नसलेल्या रोपवाटिकेत शेळ्या सोडणं. आधी राखण, मग जाहिरात.

आणि जे पुण्याहून, पिंपरीहून, नगरहून येणार आहेत त्यांना दोन शब्द. रविवारऐवजी मधला वार बघा. जेवण गावात करा, बाजरीची भाकरी आणि ठेचा देणारी घरं विचारली तर सापडतात. पोरं खळग्याच्या कडेला उभी करून फोटो काढू नका, आणि आणलेली प्रत्येक वस्तू परत न्या.

1 मे रोजी गावोगाव ग्रामसभा होतात. तोवर बहुतेक वर्षी मळगंगेची यात्रा होऊन गेलेली असते आणि पावसाळ्यातली गर्दी सुरू व्हायला महिनाभर अवकाश असतो. निघोज आणि टाकळी हाजी या दोन्ही गावांनी येत्या 1 मेच्या विषयपत्रिकेवर 'कुंडावरील पर्यटक व संयुक्त समिती' हा एक विषय घ्यावा, आणि त्या सभेला ज्यांच्या बांधावर गाड्या लागतात त्या शेतकऱ्यांना पुढच्या रांगेत बसवावं.